फॉरवर्ड वेगळं, ट्रान्सफर वेगळा

"जरा साहेबांना कॉल फॉरवर्ड कर ना" असं रिसेप्शनला सांगणारे रोज भेटतात आणि दर वेळी त्यांना हवा असतो ट्रान्सफर. ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनींना जोडणारी सिस्टीम) बसवायचं आणि सांभाळायचं काम करतो म्हणून सांगतो, या घोळापायी लोकांचे कॉल हरवतात.

ट्रान्सफर सगळ्यांना येतो. कॉल उचलायचा, फोनवरचं फ्लॅश बटण दाबायचं, ज्याला द्यायचा त्याचं एक्स्टेंशन (ऑफिसातला आतला नंबर) लावायचं, पलीकडचा "द्या" म्हणाला की रिसीव्हर ठेवायचा. न विचारता तसाच ढकलला तरी तो ट्रान्सफरच, पण तसं करू नका, बिचाऱ्या कस्टमरला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

फॉरवर्डमध्ये कॉल कुणी उचललेलाच नसतो. तुम्ही कोड दाबून सिस्टीमला आधीच सांगून ठेवलेलं असतं की माझ्याकडे येणारा कॉल तिकडे वाजव. ट्रान्सफर त्या एका कॉलपुरता, पण फॉरवर्ड तुम्ही काढेपर्यंत तसंच राहतं, आणि लोक अडकतात ते इथेच. एका ऑफिसातून सोमवारी सकाळी तक्रार आली, अकाउंट्सचा फोन बंद आहे. गेलो, वायर तपासली, इन्स्ट्रुमेंट बदलून बघितलं, बाहेर फोन लागतोय पण आत वाजत नाही. मग नीट कान दिला तर डायल टोन तुटक तुटक येत होता, म्हणजे फॉरवर्ड चालू असल्याची खूण. मॅडमनी शनिवारी निघताना सगळे कॉल मोबाइलवर टाकलेले आणि मोबाइल पर्समध्ये सायलेंटवर! सकाळपासूनचे सगळे कॉल तिकडेच जात होते.

अजून एक, बाहेरच्या मोबाइलवर फॉरवर्ड केलं की एका कॉलला दोन लाइनी जातात, एकीवरून आत येतो, दुसरीवरून बाहेर जातो, आणि बाहेरच्याचं बिल ऑफिसला. दोनच लाइनी असतील तर बोलणं संपेपर्यंत बाकी सगळ्यांना एंगेज. ट्रान्सफर बाहेर केला तरी लाइनी दोनच लागतात, पण तेव्हा रिसेप्शनला निदान माहीत तरी असतं.

माझ्या मते ऑफिसात "सगळे कॉल फॉरवर्ड" ठेवूच नये. "उचलला नाही तर फॉरवर्ड" ठेवा, 15 सेकंदांवर. आपली रिंग साधारण 3 सेकंदांनी परत वाजते, म्हणजे पाच वेळा ट्रिंग-ट्रिंग झाल्यावरच कॉल पुढे जातो आणि तुम्ही जागेवर असाल तर पहिल्यांदा तुमच्याच टेबलावर वाजतो.