डेटा-विश्वस्त

डेटा-विश्वस्त : एखाद्याची वैयक्तिक माहिती कशासाठी व कोणत्या मार्गाने वापरायची हे एकट्याने किंवा इतरांच्या जोडीने ठरवणारी व्यक्ती वा संस्था. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील ‘डेटा फिड्युशरी’ या संज्ञेसाठी येथे हा शब्द योजला आहे. बँक, रुग्णालय, अ‍ॅप चालवणारी कंपनी, सरकारी खाते हे सारे या व्याख्येत येऊ शकतात. ज्याची माहिती आहे ती व्यक्ती ‘डेटा प्रिन्सिपल’. युरोपीय संघाच्या २०१६ च्या नियमावलीत या दोघांना अनुक्रमे ‘कंट्रोलर’ व ‘सब्जेक्ट’ म्हटले आहे. व्याख्या बरीचशी तीच ठेवून भारताने नावे बदलली, आणि वाद त्या नावांचाच आहे.

मराठीत विश्वस्त म्हटले, की देवस्थानाचा किंवा शिक्षणसंस्थेचा ट्रस्टी डोळ्यांसमोर येतो. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमानुसार न्यास म्हणजे मालमत्तेच्या मालकीला जोडलेले दायित्व. फिड्युशरी संबंधाला मालमत्ता लागत नाही. वकील व अशील, डॉक्टर व रुग्ण यांच्यातले नाते तसे असते. एक जण दुसऱ्यावर विसंबतो, म्हणून दुसऱ्याने स्वतःच्या लाभाआधी त्याचे हित पाहायचे, एवढा त्याचा गाभा. प्रस्तुत संज्ञेत ‘विश्वस्त’ हा शब्द या व्यापक अर्थी घ्यावा.

उगम : ‘माहिती-विश्वस्त’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग अमेरिकेत १९९० च्या दशकात केनेथ लॉडन यांच्या लेखनात आढळतो, मात्र तेथे भर वैयक्तिक माहितीच्या बाजारपेठेवर आहे. लोकांची माहिती बाळगणाऱ्या कंपन्यांनी डॉक्टर-वकिलांप्रमाणे त्यांच्याशी एकनिष्ठ राहावे, हा आज परिचित असलेला सिद्धान्त येल विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक जॅक बाल्किन यांनी २०१४ च्या सुमारास मांडला आणि २०१६ मधील लेखात विस्तारला. कायद्याचे अभ्यासक लीना खान व डेव्हिड पोझेन यांनी २०१९ मध्ये त्यावर आक्षेप घेतला : कंपनीचे संचालक भागधारकांशी आधीच निष्ठेने बांधलेले असतात, जाहिरातींवर चालणारी कंपनी त्याच वेळी वापरकर्त्याचीही एकनिष्ठ कशी राहणार? हा आक्षेप वजनदार आहे.

भारतात ही संज्ञा डेटा संरक्षण कायद्याचा मसुदा करणाऱ्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या जुलै २०१८ च्या अहवालातून आली. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल होता; नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. संज्ञेचे मूळ भारतीय कायद्यातही शोधता येईल. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मध्ये ‘फिड्युशरी संबंध’ हे शब्द आहेत आणि २०११ च्या सी.बी.एस.ई. उत्तरपत्रिका खटल्यात त्यांच्या अर्थाची विस्तृत चर्चा झाली. तथापि तेथे प्रश्न माहिती उघड करण्याचा होता, ती वापरण्याचा नव्हता. त्यामुळे समितीची मांडणी बाल्किन यांच्या विचाराला अधिक जवळची दिसते.

अधिनियमातील रूप : समितीच्या मसुद्यात माहितीवर प्रक्रिया ‘न्याय्य व वाजवी’ रीतीने करण्याचे स्वतंत्र कर्तव्य होते. २०१९ च्या विधेयकातही ते टिकले. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या अधिनियमात हे कर्तव्य उरले नाही. कलम ४ कायदेशीर हेतू आणि संमती किंवा (संमतीविना मान्य असलेले) ठरावीक ‘वैध उपयोग’ एवढेच मागते. नाव विश्वस्ताचे राहिले, निष्ठेचे कर्तव्य गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते ही या कायद्यातील सर्वांत गंभीर उणीव आहे. मूळ कल्पनेचा अंश कलम ९ मध्ये सापडतो : अठरा वर्षांखालील मुलांच्या हिताला बाधा आणील अशी प्रक्रिया करता येत नाही, त्यांचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. सरकारला मात्र यातून सूट देण्याचा अधिकार आहे.

इतर कर्तव्ये मुख्यतः सुरक्षेची आहेत. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, माहिती फुटल्याचे न कळवल्यास २०० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. काम दुसऱ्या कंपनीकडे सोपवले तरी जबाबदारी मूळ विश्वस्ताचीच. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी लागते. सरकारने ‘महत्त्वाचे’ म्हणून अधिसूचित केलेल्या विश्वस्तांना भारतस्थित डेटा संरक्षण अधिकारी व स्वतंत्र लेखापरीक्षक नेमणे बंधनकारक आहे.

दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाईची तरतूद या अधिनियमात नाही. उलट भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३-अ यामुळे रद्द होणार आहे. डेटा प्रिन्सिपललाही कर्तव्ये असून ती मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

अंमलबजावणी : या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. दंड ठरवणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाची स्थापना आणि माहिती अधिकार अधिनियमाच्या, वैयक्तिक माहिती उघड करण्यातून सूट देणाऱ्या कलम ८(१)(जे) मधील वादग्रस्त बदल यांविषयीच्या तरतुदी लगेच लागू झाल्या. डेटा-विश्वस्ताची बहुतेक कर्तव्ये व कलम ४३-अ चे वगळणे यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. मंडळाच्या निर्णयावर दूरसंचार विवाद अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.