एक्स्टेंडरचा चॅनेल बदलायचा तर राउटरवर बदला

विदर्भातल्या खेड्यांतही आता बऱ्याच घरांत फायबर आलं आहे. राउटर बहुधा समोरच्या खोलीत लागतो, कारण तार तिथूनच आत येते. घर मात्र मागे लांबत गेलेलं असतं: मधलं घर, स्वयंपाकघर, अंगण आणि पलीकडं मुलांच्या अभ्यासाची खोली. तिथवर वायफाय पोचावं म्हणून सॉकेटात खोचायचा एक्स्टेंडर आणला जातो. चार दिवस बरे जातात, मग अडखळणं सुरू होतं. कुणीतरी सांगतं, चॅनेल बदलून पाहा. एक्स्टेंडरच्या सेटिंगचं पान उघडलं, तर चॅनेलचा रकाना फिकट, बोट लावलं तरी हलत नाही. काही डब्यांत आकडा बदलता येतो, पण सेव्ह केल्यावर पुन्हा जुनाच दिसतो. ‘चॅनेल बदलून पाह्यला भाऊ, काईच फरक नाई पडला,’ ही तक्रार म्हणूनच वारंवार कानावर येते.

डबा बिघडलेला नसतो. स्वस्तातल्या एक्स्टेंडरमध्ये लहरींच्या एका पट्ट्यासाठी (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) एकच रेडिओ असतो, आणि त्याला दोन कामं करावी लागतात. राउटरशी तो एखाद्या मोबाइलसारखा जोडलेला असतो, आणि तुमच्या मोबाइलसाठी तोच राउटर होतो. एक रेडिओ एका वेळी एकाच चॅनेलवर असू शकतो. राउटर ६ नंबरवर असेल, तर एक्स्टेंडरलाही ६ वरच राहावं लागतं; ११ वर गेला तर राउटरचा आवाजच त्याला ऐकू येणार नाही. म्हणून चॅनेल ठरवण्याचा अधिकार राउटरकडं. वेग साधारण निम्मा होतो, त्याचं मूळही इथंच आहे: तोच मजकूर हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरकडून एक्स्टेंडरकडं आणि मग एक्स्टेंडरकडून मोबाइलकडं.

आता चॅनेल म्हणजे काय ते पाहू. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंत आहे आणि २००५ पासून तो वायफायसारख्या कामांना परवान्याशिवाय खुला आहे. त्यात १ ते १३ चॅनेल, म्हणजे बोलण्याच्या ठरलेल्या जागा, बसवले आहेत. पहिल्याचा मध्य २४१२ वर, पुढचा प्रत्येक ५ मेगाहर्ट्झ अंतरावर. पण एका चॅनेलला जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झ, त्यामुळे शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. एकमेकांना न शिवणारे म्हणून १, ६ आणि ११ निवडले जातात. त्यातही एक बारकावा आहे. एकाच चॅनेलवरची यंत्रं बोलण्याआधी कान देतात आणि आळीपाळीनं बोलतात, एका पारावर बसलेली माणसं बोलतात तशी. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरचं बोलणं मात्र त्यांना नुसता गोंगाट वाटतो. म्हणून शेजाऱ्याचं वायफाय ६ वर असताना आपण ४ किंवा ८ निवडण्यापेक्षा सरळ ६ वर राहिलेलं बरं.

हा सगळा हिशेब नागपुरातल्या फ्लॅटमध्ये फार कामाचा, कारण तिथं एका खोलीत वीस-पंचवीस नावं दिसू शकतात. खेड्यातल्या घरात वायफाय अ‍ॅनलायझरसारखं अ‍ॅप उघडून बघा. आपलं एक, फार तर शेजारचं एखादं आणि ग्रामपंचायतीचं. एवढी हवा मोकळी असताना चॅनेलची गर्दी हे मंद वेगाचं कारण क्वचितच असतं. माझं ठाम मत आहे की शहरासाठी लिहिलेला हा सल्ला गावाकडं जसाच्या तसा वापरू नये. इथं चॅनेलची अडचण येते ती वेगळ्याच वाटेनं, आणि ती वाट विजेच्या खांबावरून येते.

बहुतेक राउटरमध्ये चॅनेल ‘ऑटो’वर असतो. सुरू होताना राउटर आजूबाजूला कानोसा घेतो आणि त्याला बरा वाटेल तो चॅनेल धरतो. चालू असताना त्यानं चॅनेल बदलला, तर जोडलेल्या यंत्रांना ‘आता अमुक नंबरवर चाललो’ अशी सूचना हवेतून देण्याची सोय वायफायच्या नियमांतच आहे. पण लाईट गेली तर ही सूचना देणार कोण? राउटर बंद पडतो, परत येतो आणि १ ऐवजी ११ वर उभा राहतो. एक्स्टेंडर लवकर जागा होतो, तेव्हा राउटर अजून सुरूच होत असतो. चांगला एक्स्टेंडर सगळे चॅनेल पुन्हा धुंडाळतो, पण काही डबे जुन्याच नंबरवर हाका मारत बसतात. मोबाइलवर एक्स्टेंडरचं नाव पूर्ण सिग्नलनं दिसतं, इंटरनेट मात्र नसतं. राउटर इन्व्हर्टरवर आणि एक्स्टेंडर साध्या लाइनवर असेल, किंवा उलट, तर हा गोंधळ आणखी वाढतो. दिवसातून अनेकदा वीज जाणाऱ्या गावात याचा किती जाच होतो, हे ऑनलाइन परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या मुलांना विचारा.

उपाय सोपा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटो’ काढा आणि १, ६ किंवा ११ यांपैकी एक नंबर पक्का करा. चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करा, २.४ च्या अरुंद पट्ट्यात ४० म्हणजे जवळपास अर्धी जागा एकट्यानं व्यापणं. मग राउटर पूर्ण सुरू झाल्यावर एक्स्टेंडर एकदा काढून परत लावा. तो आपोआप त्या नंबरवर येईल.

१२ आणि १३ नंबर आपल्याकडं चालतात, पण अमेरिकी बाजारासाठी बनवलेल्या काही यंत्रांना ते दिसत नाहीत. राउटर १३ वर गेला की अशा एक्स्टेंडरच्या यादीतून घरचं नावच गायब होतं. ५ गिगाहर्ट्झवरही असंच आहे. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले, म्हणून तिथं बोलण्याआधी राउटरला निदान मिनिटभर ऐकत थांबावं लागतं, आणि रडार आढळलं तर जागा सोडावी लागते. अनेक स्वस्त एक्स्टेंडर या चॅनेलांवर चालतच नाहीत. राउटर ३६ ते ४८ मध्ये ठेवला की हा प्रश्न सुटतो.

चॅनेल पक्का करूनही अडखळत असेल, तर जागा तपासा. बहुतेक जण एक्स्टेंडर सिग्नल मेलेल्या खोलीत लावतात. जिथं त्यालाच नीट ऐकू येत नाही, तिथून तो पुढं काय देणार? अ‍ॅपमध्ये राउटरचा सिग्नल उणे ६० ते उणे ६७ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप) दिसेल अशी मधली जागा शोधा. उणे ८० च्या खाली जोडणी तुटू लागते. हे आकडे फसवे आहेत: दर १० नं सिग्नलची शक्ती दहावा भाग उरते. मातीची जाड भिंत सिग्नल खाते, पावसात भिजल्यावर आणखी. टिनाचे पत्रे, धान्याची लोखंडी कोठी आणि कपाट तो परतवून लावतात. उन्हाळ्यात खिडकीत बसणारा कूलर तर पक्का अडसर: पत्र्याचा सांगाडा, पाण्याची टाकी आणि ओल्या ताट्या. हिवाळ्यात उत्तम चालणारा एक्स्टेंडर एप्रिलमध्ये मंदावला, तर आधी मधे कूलर आला का ते बघा.

मागचं घर किंवा गोठा फारच दूर असेल, तर राउटरपासून नेटवर्क केबल ओढा. १०० मीटरपर्यंत ती चालते. मग एक्स्टेंडरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये लावा. राउटरशी बोलणं तारेतून होत असल्यानं रेडिओ पूर्ण मोकळा, वेग निम्मा होत नाही, आणि चॅनेलचा तो फिकट रकाना उघडतो. राउटर १ वर, मागचा डबा ११ वर. अंगणातून गेलेल्या तांब्याच्या केबलला पावसाळ्यातल्या विजेचा धोका असतो, तेव्हा ढग गडगडण्याआधीच ती दोन्ही टोकांना काढून ठेवा.