हुशारी वाढवण्याचा वाद मराठवाड्याला नवा नाही

पुष्य नक्षत्राचा दिवस आला की नांदेड-परभणीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत आयुर्वेद दवाखान्यांबाहेर सुवर्णप्राशनाचे फलक लागतात. आत आया लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या. सुवर्णभस्म, मध आणि तुपाचे थेंब जिभेवर टेकवले, लेकरानं तोंड वाकडं केलं, की पुढच्या पुष्य नक्षत्राची तारीख सांगून रांग सरकते. काश्यपसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाचा दावा मोठा आहे: महिनाभर दिलं तर मूल परम मेधावी, सहा महिने दिलं तर श्रुतधर, म्हणजे ऐकलेलं लक्षात ठेवणारं. चरकानेही मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी ही मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणारी, रसायनं सांगून ठेवली आहेत. स्पष्टच सांगायचं तर सुवर्णप्राशनाने बुद्ध्यंक वाढतो याला भक्कम पुरावा नाही. पण बुद्धीला बाहेरून जोड देण्यात आपल्याकडे कुणाला कधी पाप वाटलं नाही. वाद पेटला तो बुद्धी मोजायला लागल्यावर.

१८८३ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने 'युजेनिक्स' ही संज्ञा रूढ केली. हुशारी रक्तातून येते, तेव्हा हुशार लोकांचीच संतती वाढावी, असा तो विचार. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, ती मागे पडणारी मुलं हेरून त्यांना मदत मिळावी म्हणून. मोजलेली बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. अमेरिकेत तीच चाचणी माणसं चाळायची चाळणी झाली. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'मंदबुद्धी' ठरवलेल्या बाईची सक्तीची नसबंदी वैध ठरवली.

आपल्याकडे या विचाराला आयतं घर मिळालं. जातिव्यवस्था म्हणजे वंशशुद्धीची शास्त्रीय योजनाच, असं सांगणारे विद्वान पुढे आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरच्या निबंधात त्यांचा समाचार घेतला. जातीमुळे वंश सुधारला असेल तर इथली माणसं अशी खुजी आणि दमाने कमी का, हा त्यांचा रोकडा सवाल. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. निजामी राजवटीत पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागणाऱ्या या भागात, पिढ्यान्पिढ्या पाटीला हात लावू न दिलेल्या घरांतली पोरं तिथे शिकली आणि लिहिती झाली. बुद्धी वाढवण्याचा मराठवाड्यातला सगळ्यात यशस्वी प्रयोग मी यालाच म्हणेन.

हुशारीसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकी डॉक्टरने बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिलेल्या मुलांचं शाळेत लक्ष लागू लागल्याचं नोंदवलं, आणि त्याच सुमारास तिथले कॉलेजकुमार परीक्षेच्या रात्री ते गिळू लागले. पुढे लक्ष लागण्यासाठी रिटालिन आलं, मग झोप उडवणारं मोडाफिनिल. २००८ मध्ये 'नेचर'च्या वाचकांत घेतलेल्या पाहणीत १,४०० जणांपैकी पाचांतल्या एकाने अशी औषधं आजाराशिवाय घेतल्याचं कबूल केलं. त्याच वर्षी काही नामवंत शास्त्रज्ञांनी निरोगी प्रौढांनाही ती घेण्याची मुभा असावी, असा लेख लिहिला. उलट अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०११ मध्ये अभ्यासासाठी असा वापर थेट कॉपीच्या रांगेत बसवला.

मुभा म्हणजे काय, हे मात्र लातुरात समजतं. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून १९८०च्या दशकात घडलेल्या 'लातूर पॅटर्न'मध्ये जादू कसलीच नव्हती: सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा आणि कामाला जुंपलेले मास्तर. नंतर बोर्डाच्या मेरिटची जागा नीटच्या ७२० मार्कांनी घेतली, आणि खोली, मेस, टेस्ट सिरीज, रिपीटर बॅच अशी अख्खी बाजारपेठ उभी राहिली. परीक्षेला देशभरातून वीस लाखांहून जास्त पोरं बसतात. इथे शेजारच्या कॉटवरचा पोरगा गोळी घेऊन रात्री तीनपर्यंत जागला, तर दुसऱ्याच्या 'नको'ला किती किंमत उरते? बापाने त्याच्यासाठी शेत गहाण टाकलेलं असेल तर मग विचारूच नका. जागा तेवढ्याच राहणार असतील तर सगळ्यांनी गोळ्या घेतल्या तरी कट-ऑफ फक्त वर सरकेल. ऐच्छिक म्हणून आलेली गोष्ट वर्षभरात सक्तीची होते, आणि तिच्यावर सही कुणाचीच नसते.

सरकारने सक्ती केली तेव्हा उलट ओरड झाली होती. आयोडीनच्या कमतरतेने होणाऱ्या गलगंडावर १९६२ मध्ये देशात नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीन नसलेल्या खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर केंद्राने १९९८ मध्ये बंदी घातली, २००० मध्ये उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा लावली. लोकांनी काय खावं हे सरकारने का ठरवावं, हा आक्षेप. आक्षेप बिनबुडाचा नव्हता, पण आयोडीनची तीव्र कमतरता असलेल्या भागांत सरासरी बुद्ध्यंक १३.५ गुणांनी खाली असल्याचं १९९४च्या एका संकलनात दिसलं होतं. शिवाय मीठ सगळ्यांच्याच पानात पडतं. त्यात कुणी कुणाच्या पुढे जात नाही.

आता पाळी गर्भाची. २०२४ मध्ये एका अमेरिकी कंपनीचा उद्योग उघडकीस आला: टेस्ट ट्यूब प्रक्रियेतल्या १०० भ्रूणांची बुद्ध्यंकासह क्रमवारी लावायची, ५० हजार डॉलरपर्यंत मोजायचे. २०१९ मध्ये 'सेल' नियतकालिकातल्या अभ्यासाने दहा भ्रूणांतून सर्वोत्तम निवडला तरी सरासरी फायदा अडीच गुणांचाच, असा हिशेब मांडला होता. म्हणजे मिठापेक्षा कितीतरी कमी. हे गणित मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांवर बांधलेलं, त्यामुळे आपल्याला ते आणखी तोकडं पडतं.

तरी गिऱ्हाईक मिळणार नाही असं बीडचा माणूस म्हणणार नाही. गर्भलिंग निदानावर देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. एवढं असून बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ८९४ होत्या, त्या २०११ मध्ये ८०७ झाल्या. याच जिल्ह्यातल्या परळीतलं मुलींच्या गर्भपाताचं प्रकरण २०१२ मध्ये बाहेर आलं, तेही एका बाईचा जीव गेल्यावर. हातात सोनोग्राफीचं एक यंत्र आणि मनात 'वंशाला दिवा', एवढ्यावर हे घडलं. प्रत्येक घराने आपापल्यापुरता निर्णय घेतला होता.

२०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात भ्रूणाची जनुकीय तपासणी आनुवंशिक आजारांपुरती मर्यादित आहे. लिंगनिवडीची जाहिरात करणाऱ्याला त्यात तुरुंगवासाची वेगळी तरतूद आहे. बुद्धीच्या निवडीचा त्यात उल्लेखही नाही.