उंदराच्या मेंदूतील पोकळ्यांचे अस्तर : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन

मेंदूच्या आत मेरुद्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना निलये म्हणतात. त्यांच्या भिंतीवरचा एकपदरी पेशींचा थर म्हणजे एपेंडायमा. या पेशींवरील लोमके (सिलिया) हलताना पुर्किन्ये या चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८३६ मध्येच पाहिली होती. पण दोन पेशी एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत, हे साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणे शक्य नव्हते. त्याची मर्यादा साधारण २०० नॅनोमीटरची, तर दोन शेजारच्या पेशींमधली फट जेमतेम २० नॅनोमीटरची. ती दाखवू शकला तो प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक.

पण त्यासाठीही खरी अडचण ऊतक टिकवण्याची होती. रक्तपुरवठा थांबताच मेंदूच्या पेशी फुगू लागतात. म्हणून भूल दिलेल्या उंदराच्या रक्तवाहिन्यांतूनच स्थिरीकारक द्रव (पेशींची रचना आहे तशी टिकवणारे रसायन) सोडण्याची पद्धत रूढ झाली. आधी ऑस्मियम टेट्रॉक्साइड, १९६३ नंतर ग्लुटराल्डिहाइडही. या कामाचे यश सूक्ष्मदर्शकाइतकेच या पहिल्या काही मिनिटांवर ठरते.

मिल्टन ब्राइटमन व सॅनफर्ड पॅले यांनी १९६३ मध्ये उंदराच्या एपेंडायमाची सूक्ष्मरचना सविस्तर मांडली. लोमक आडवे कापले गेले की परिघावर नळ्यांच्या नऊ जोड्या आणि मधोमध दोन सुट्या नळ्या दिसतात. लोमकांच्या आसपास आखूड सूक्ष्मांकुर (पेशीच्या पृष्ठभागावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे) असतात. शेजारच्या पेशी जागोजागी घट्ट धरलेल्या असल्या, तरी बहुतेक ठिकाणी त्यांच्यामधली वाट पूर्ण बंद नसते. ब्राइटमन यांनी निलयात फेरिटिन सोडले. या प्रथिनातल्या लोहामुळे त्याचे कण काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात, आणि ते कण पेशींमधल्या फटींतून मेंदूच्या ऊतकात उतरलेले आढळले. म्हणजे हे अस्तर द्रवाला अडवणारी भिंत नव्हे. द्रवाला अडवणारे घट्ट सांधे मेरुद्रव तयार करणाऱ्या जालिका-पटलाच्या (कोरॉइड प्लेक्सस) पेशींत आणि काही खास जागीच असतात.

सर्वांत विलक्षण दृश्य मात्र अस्तराच्या वरच्या बाजूला आहे. तेथे लोमकांच्या मुळांशी बारीक चेतातंतू थेट मेरुद्रवात पडलेले दिसतात. त्यांना मायलिनचे (अनेक चेतातंतूंभोवती असणाऱ्या मेदयुक्त थराचे) आवरण नसते. मण्यांच्या माळेसारखे ते ठिकठिकाणी फुगलेले असतात आणि त्या फुगवट्यांत गडद गाभ्याच्या पुटिका (बारीक पिशव्या) भरलेल्या असतात. १९७० च्या दशकात प्रतिदीप्ती पद्धतीची (विशिष्ट रसायन चमकवून ओळखण्याच्या पद्धतीची) जोड मिळाल्यावर यांतले पुष्कळसे तंतू सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचे असल्याचे ठरले. ते मस्तिष्कस्तंभातील रॅफे केंद्रकांकडून (चेतापेशींच्या समूहांकडून) येतात. निलयात ५,६-डायहायड्रॉक्सिट्रिप्टामाइन हे सेरोटोनिन-तंतूंचे विष सोडले की हे तंतू झडून जातात, अस्तर मात्र जागेवर राहते.