भक्षक माती-कोळी

कुंडीच्या किंवा वाफ्याच्या मातीत राहून तिथल्याच किडींची अंडी, अळ्या व कोष खाणारे आठ पायांचे सूक्ष्म जीव (इंग्रजीत माइट). कीडनियंत्रणासाठी मुख्यतः स्ट्रॅटिओलीलॅप्स सिमिटस ही जाती वापरतात. हायपोॲस्पिस माइल्स या जुन्या नावानेही ती ओळखली जाते. लाल कोळ्याशी तिचा घोळ करू नये. तो पानांचा रस शोषतो. माती-कोळी झाडाला तोंडही लावत नाही. पूर्ण वाढलेला कोळी जेमतेम एक मिलिमीटरचा, फिकट तपकिरी असतो. खुरपीने वरची माती हलवली की भिंगाखाली तो कणांमधून भरभर पळताना दिसतो.

त्याचे मुख्य भक्ष्य म्हणजे बुरशीमाशीची (फंगस नॅट) अळी: पांढुरकी, आरपार दिसणारी, काळ्या चकचकीत डोक्याची, ५-६ मिमी लांब. ती रोपांची कोवळी मुळे कुरतडते. कोष होण्यासाठी मातीत उतरलेले फुलकिडेही तो खातो. मुळांवरच्या पिठ्या ढेकणावर त्याचा परिणाम अर्धवटच होतो. हुमणी आणि वाळवी त्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत.

इंदुरात बुरशीमाशीला दोन गोष्टी हमखास बोलावतात. एक, घरच्या ओल्या कचऱ्याचे पुरते न कुजलेले खत. दुसरी, तुळशीला रोज पाणी घालण्याची रीत. रामबाग, लोकमान्यनगरातल्या गॅलरीत वृंदावनाभोवती काळी चिलटे उडू लागली, तर आधी माती बोटाने चाचपावी. वरचा इंचभर थर सदा ओला राहत असेल, तर नुसते कोळी सोडून भागणार नाही. खत पुरते कुजू द्यावे आणि पाणी बेताने घालावे.

माळव्याची काळी माती कोळ्याला मानवत नाही. तो बिळे खणत नाही, कणांमधल्या पोकळ्यांतून हिंडतो. काळी माती भिजली की पोकळ्या बुजतात, वाळली की तडकते. म्हणून कुंडीत निदान वरच्या ४-५ सेंमी थरात कोकोपीट व चाळलेले गांडूळखत मिसळावे; कोळ्याचा वावर मुख्यतः तेवढ्याच थरात असतो.

सोडण्यापूर्वी माती ओलसर करावी. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. कोळी बाटलीत, वर्मिक्युलाइट (हलके खनिज कण) किंवा पीटमध्ये (कुजलेल्या शेवाळाचा भुसा) मिसळून येतात आणि प्रवासात एकाच बाजूला गोळा होतात. म्हणून बाटली आडवी धरून हळूहळू फिरवावी आणि मिश्रण सर्व कुंड्यांत सारखे भुरभुरावे. प्रतिबंधासाठी दर चौरस मीटरला सुमारे १००, कीड लागली असल्यास २५० ते ५०० कोळी लागतात. १२ इंची कुंडीच्या तोंडाचे क्षेत्रफळ साधारण ०.०७ चौ.मी. असते, म्हणजे अशा १४ कुंड्या मिळून एक चौरस मीटर. बाटली आल्या दिवशीच वापरावी. फ्रिजमध्ये ठेवू नये, उन्हात तर नाहीच.

हंगाम चुकला की पैसे वाया जातात. सुमारे १२ अंशांखाली कोळी मंदावतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री कामाच्या नाहीत. मे महिन्यात गच्चीवरची कुंडी भाजून निघते. फेब्रुवारीअखेर ते मार्च आणि पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस चांगले. पाणी तुंबलेल्या कुंडीत मात्र कोणत्याही महिन्यात सोडू नयेत.

सर्वांत जास्त नासाडी घाईने होते. कोळी उडत्या माश्यांना शिवत नाही, म्हणून सोडल्यावरही दोन-तीन आठवडे चिलटे दिसतात. ‘काहीच फरक नाही’ म्हणून त्याच वेळी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक ओतले, तर कोळ्यांनाही इजा होऊ शकते. वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस घातलेल्या कुंडीत ते टिकत नाहीत. तिथली माती बदलावी. माश्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावणे पुरेसे असते.

काम झाले की नाही, हे बटाट्याची चकती सांगते. अर्धा इंच जाडीची चकती कापलेल्या बाजूने मातीवर दाबून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी उलटून खालच्या अळ्या मोजाव्यात. ही मोजणी कोळी सोडण्याआधी एकदा आणि नंतर दर आठवड्याला करावी. तीन-चार आठवड्यांत आकडा उतरला नाही, तर पुन्हा कोळी सोडण्याआधी मातीचा ओलावा तपासावा.

परदेशातून जिवंत मित्रकीटक किंवा कोळी आणण्यास वनस्पती विलगीकरण आदेश, २००३ नुसार केंद्राचा परवाना लागतो. ते परस्पर टपालाने मागवू नयेत.