जुन्या गाडीच्या सस्पेन्शनचे पार्ट घ्यायला येताय? आधी हे वाचा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज कायम येतो, "पद्मिनी 1978, सस्पेन्शन फुल सेट, बेस्ट प्राइस?" अहो, फुल सेट नावाचा डबा कुठे मिळत नाही. पद्मिनीला पुढे विशबोन (चाक धरणारे आडवे हात) आणि कॉइल स्प्रिंग, अ‍ॅम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार (स्वतः पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे दोघींनाही पाट्यांची कमान (लीफ स्प्रिंग), त्यात परत किंग पिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती), बुश (सांध्यातली नळी), शॅकल (कमानीच्या टोकाची कडी), शॉकअप, यू बोल्ट (कमान अ‍ॅक्सलला आवळणारा), आणि यातलं तुमच्या गाडीचं नक्की काय गेलंय ते खोलल्याशिवाय ना तुम्हाला कळणार ना आम्हाला. म्हणून आम्ही फोनवर भाव सांगत नाही. काहींना वाटतं भाव खातोय, वाटू दे.

सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो सांगू? मेस्त्री गाडी खोलतो, जुने बुश-पिना गॅरेजच्या कोपऱ्यात टाकतो, मग भंगारवाला येऊन ते घेऊन जातो, आणि त्यानंतर मालक आमच्याकडे येतात हातात आरसी बुक घेऊन! आरसीवर वर्ष असतं, मान्य, पण या गाड्या किती हातांतून फिरल्यात. एखादी मध्ये टॅक्सी होती, लोडसाठी कमानीत एक पाटा जास्त घातलेला, मग आरसी बघून दिलेला यू बोल्ट आखूड पडतो, नट धरतच नाही. कुठे किंग पिनला आधीच ओव्हरसाइझ बुश मारलेला. बीटलचं तर विचारू नका, 1965 पर्यंत पुढे किंग पिन आणि 1966 च्या मॉडेलपासून बॉल जॉइंट, पण कोणी तरी पुढचा अख्खा बीमच (पुढची चाकं धरणारा आडवा सांगाडा) दुसऱ्या गाडीचा लावला असेल तर आरसी काय सांगणार?

तेव्हा जुना माल टाकू नका. गंजलेला, तुटलेला, दोन तुकडे झालेला, कसाही चालेल, पिशवीत घालून घेऊन या, डावं-उजवं वेगळं. मॉरिस मायनरच्या ट्रनियनचे (पुढच्या चाकाच्या आट्यांच्या सांध्याचे) आटे एका बाजूला उलटे असतात, नेमका चुकीच्या बाजूचा पार्ट नेला की परत फेरी. टॉर्शन बार काढताना खूण करा, पीळ बसलेला बार बाजू बदलून लावायचा नाही. आणि जुने लिव्हरवाले शॉकअप असतील तर कृपा करून बॉडी सांभाळा, ते खोलून सील बदलून परत भरता येतात, बॉडी गेली की शोधत बसा.

सॅम्पल खरंच नसेल तर वर्नियर लावून माप पाठवा. यू बोल्टची जाडी, आतली रुंदी, पायाची लांबी. कमानीचे पाटे किती, रुंदी किती, टोकाच्या डोळ्याचा (भोकाचा) आतला व्यास किती. कॉइल स्प्रिंग असेल तर तारेची जाडी, वेढे आणि बाहेरचा व्यास, आणि स्प्रिंग घ्याल ती जोडीनेच, एक नवी एक जुनी लावली की गाडी एका अंगाला कलणार.

आता रिटर्नबद्दल. बसवलेला रबर बुश आम्ही परत घेत नाही. का, तर बहुतेक वेळा गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट फिट केलेले असतात. रबर बुश बेअरिंगसारखा फिरत नाही, तो पिळला जातो, त्यामुळे गाडी खाली उतरवली की तो कायमचा पिळलेलाच राहतो, गाडी उंच दिसते आणि थोड्याच दिवसांत रबर फाटतो. बोल्ट नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा, मग पूर्ण टाइट करा. मेस्त्रीला हा कागद दाखवला तरी चालेल.

मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी 2023 ला बंद झाल्या, त्यांच्या जिवावर कुर्ल्याच्या बाजारात जो माल सहज मिळायचा तो आता तसा नाही. म्हणून काही बुश आम्ही लेथवर करून देतो, आणि किंग पिनचा सेट आमच्याकडून घेतलात तर बुश ठोकून रीमर मारूनच (भोक आतून मापात घासूनच) देतो, पिन हाताने फिरली पाहिजे. बाहेर थोडं स्वस्त मिळेल, पण रीमरचे पैसे वेगळे द्यावे लागतात ते धरून हिशोब करा.

गणेश चवथीला गाडी रस्त्यावर हवी असेल तर जूनमध्येच या, पावसात गाडी तशीही शेडमध्येच असते. बाहेरून मागवायच्या पार्टला अर्धे पैसे आगाऊ. आणि शुक्रवारी शक्यतो नको, म्हापशाचा बाजार असतो, गाडी लांब लावून पाटे उचलत चालत यावं लागेल. रविवारी बंद.