कपात आली की आधी कोण?

नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या केमिकल कारखान्याच्या ऑर्डरी घटल्या, की सर्वात आधी कंत्राटी हेल्परचा गेटपास बंद होतो. "उद्यापासून येऊ नको," एवढाच ठेकेदाराचा निरोप. आयटीआय झालेल्या फिटरला मात्र काम निम्मं असलं तरी सहसा ठेवून घेतात.

यात दयामाया नाही, हिशेब आहे. अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर ओई यांनी तो 1962 साली मांडला. माणूस शोधण्यात आणि शिकवण्यात कंपनीचे पैसे गेलेले असतात; त्याला काढलं तर ते बुडतात आणि मंदी सरल्यावर नव्या माणसावर पुन्हा घालावे लागतात. कुठल्या पंपाचा आवाज बदलला की ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीचं सील) गळणार, हे त्याच प्लँटवर वर्षं काढलेल्या फिटरलाच कळतं. ड्रम ढकलणाऱ्या हेल्परवर कंपनीने काहीच घातलेलं नसतं. शिकलेल्याच्या वाट्याला ट्रेनिंगही जास्त येतं, म्हणजे ही दरी वाढतच जाते.

मग सरकारी आकडे उलटे कसे? 2022-23 च्या श्रमबल सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्यांची बेरोजगारी 3.2 टक्के होती. निरक्षरांत एक टक्क्याहूनही कमी, पदवीधरांत दहाहून जास्त! कारण बेरोजगार म्हणून मोजलं जायलाही ऐपत लागते. हेल्पर दुसऱ्याच दिवशी सकाळी तुर्भे नाक्यावर उभा राहतो, मिळेल ते उचलतो आणि सर्वेक्षणात 'कामावर' धरला जातो. ऐरोलीतली नोकरी सुटलेला पदवीधर घरच्यांच्या पगारावर चार महिने थांबू शकतो.

फिटरही पूर्ण सुरक्षित नाहीच. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झालं तसं कारखान्याच्या जागी ऑफिसं उभी राहिली, तर त्या पंपाच्या ज्ञानाला कोण विचारतो? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एकाच कंपनीत वर्षानुवर्षं काढलेल्या कामगारांचा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. कंपनी खचल्यामुळे नोकरी गेलेल्यांची मिळकत पाच-सहा वर्षांनीही, एरवी झाली असती त्यापेक्षा, सुमारे 25 टक्के कमीच राहिली होती.

नवी नोकरी शोधताना आडनावही आडवं येतं. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी भारतातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. दलित आडनावांना बोलावणी कमी आली. हेल्परच्या कामाला तर अर्जच नसतो. मुकादम आपल्या गावची पोरं आणतो, आणि त्याचं कंत्राट गेलं की सगळी एकदमच घरी.